तळघरातला वास आणि मावशींवरचा राग

पुण्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांनी १९८६ साली बांधलेल्या बंगल्याच्या तळघरात त्या नऊ वर्षांपासून मुलांना गाणे शिकवतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी तळघर नव्याने सजवून घेतले. जुन्या फरशीवर लाकडासारखे दिसणारे विनाइलचे आच्छादन बसवले, कोपऱ्यातल्या दोन फुटी मोरीचा नळ नको म्हणून काढून टाकला आणि हवा खेळती राहावी यासाठी भिंतीत एक्झॉस्ट पंखा लावला. मोरीची जाळी मात्र तशीच राहिली. फेब्रुवारीपासून त्या जाळीतून सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. सकाळी दार उघडले की तो अंगावर येतो आणि कपडे धुण्याच्या दिवशी वाढतो. फिनेल ओतले, मग ॲसिड ओतले. दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. पंखा दिवसभर चालू असतो, तरी फरक नाही. एका पालकांनी मुलीला वर्गातून काढले. चौदा वर्षे कामाला येणाऱ्या मावशींना, ‘तुम्ही मोरी नीट घासत नाही’ असे त्या दोनदा बोलल्या आहेत आणि आता दुसरी बाई पाहावी का, या विचारात आहेत. एका प्लंबरने सगळी जमीन फोडून लाइन बदलायला सांगितले आहे, तर यजमान म्हणतात की जाळी सिमेंटने बुजवून टाकू. ‘यातले काय करू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात वासाची तक्रार दिसली. दुसऱ्या वाचनात तुम्ही ओघात लिहून गेलेल्या तीन गोष्टी दिसल्या, त्या म्हणजे जमीन आता पाण्याने धुतली जात नाही, मोरीचा नळ काढला आहे आणि पंखा दिवसभर चालू असतो. तुमच्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर या तीन गोष्टींतच आहे, असे मला वाटते. म्हणून मावशींना काढायचे, जमीन फोडायची की जाळी बुजवायची, हे तिन्ही निर्णय आठ दिवस बाजूला ठेवा, अशी माझी विनंती आहे.

वास येतो म्हणजे तिथे घाण साचली आहे आणि घाण साचली म्हणजे कोणीतरी हयगय केली आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. आपण सगळेच तसे धरतो. लहानपणापासून वास आणि अस्वच्छता यांची सांगड मनात पक्की बसलेली असते. पण जमिनीतल्या जाळीच्या बाबतीत ही सांगड पुष्कळदा चुकते. तुमची मोरी घाण असेल त्यापेक्षा ती कोरडी पडली असण्याचा संभव मला कितीतरी अधिक वाटतो.

याचे कारण जाळीखाली दडलेले आहे. आपल्याकडे गवंडी आणि प्लंबर ज्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात, ते वाटीसारखे किंवा वाकवलेल्या नळीसारखे भांडे प्रत्येक मोरीखाली बसवलेले असते. मोरीत ओतलेले पाणी पुढे वाहून जाते, पण शेवटचे थोडे पाणी या भांड्यात मुद्दाम अडून राहते. ते पाणी हेच झाकण असते. पलीकडे गटाराची हवा, अलीकडे आपली खोली आणि मध्ये जेमतेम दोन इंच पाणी, एवढीच सारी व्यवस्था. राष्ट्रीय इमारत संहितेत या पाण्याची खोली निदान ५० मिलिमीटर हवी असे धरले आहे. अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने शौचकूपाखाली पाणी अडवणाऱ्या वाकड्या नळीचे पेटंट १७७५ साली घेतले, आणि आज अडीचशे वर्षांनीही गटाराचा वास घराबाहेर ठेवायला आपण त्याच साध्या युक्तीवर विसंबून आहोत.

या झाकणाचा दोष इतकाच की ते वाळते. पूर्वी मावशी तळघर पाण्याने धुऊन काढत असत, तेव्हा दर एक-दोन दिवसांनी ते नकळत भरले जात होते. दिवाळीनंतर विनाइलवर पाणी चालत नाही म्हणून ओल्या फडक्याने पुसणे सुरू झाले, नळही गेला, आणि त्या भांड्यात पाणी पडायचे थांबले. थंडीत ते हळूहळू आटले असणार. फेब्रुवारीत ऊन तापू लागल्यावर उरलेसुरलेही गेले. वासाचा महिना आणि आटण्याचा महिना असा जुळतो. मावशींच्या कामात या काळात काही बदलले असेल तर ते एवढेच, की तुम्ही सांगितले म्हणून त्यांनी पाणी ओतणे थांबवले.

पंख्याचे म्हणाल, तर तो या गोष्टीत मदतनीस नसून भर घालणारा आहे. पंखा जितकी हवा बाहेर फेकतो तितकीच हवा कुठून तरी आत यावी लागते. तळघराचे दार बंद, खिडक्या छताजवळच्या आणि त्याही बंद. अशा वेळी हवेला आत यायला उघडी वाट एकच उरते, ती कोरड्या जाळीची. पंखा जितका जास्त वेळ चालेल तितकी गटारातली हवा खोलीत ओढली जाईल. तेव्हा पंखा लावायचा असेल त्या वेळी दार किंवा खिडकी अवश्य उघडी ठेवा आणि जाळीचा बंदोबस्त होईपर्यंत दारे बंद करून तो चालवूच नका.

कोरडी जाळी आणि पंखा ही जोडी किती महाग पडू शकते याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. २००३ साली सार्सची साथ असताना हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. तिथल्या आरोग्य विभागाच्या तपासणीत न्हाणीघरांच्या जमिनीतल्या जाळ्यांखालचे पाणी अनेक घरांत आटलेले आढळले, कारण लोक न्हाणीघर पाण्याने धुण्याऐवजी फडक्याने पुसत असत. आणि एक्झॉस्ट पंखे सांडपाण्याच्या नळातले दूषित तुषार घरात ओढत असावेत, असा निष्कर्ष निघाला. तुमच्या तळघरात तसे काही आहे, असे मी अजिबात म्हणत नाही, आणि घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पुसून चकचकीत दिसणारी जमीन आणि खऱ्या अर्थाने सुरक्षित जमीन यांत फरक असतो, हे तिथल्या लोकांना फार जड जाऊन कळले. तुम्हाला ते एका बादली पाण्यात कळण्यासारखे आहे.

पाणी ओतण्याआधी मात्र एक खात्री करून घ्या. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला वासही गंधकाच्या जातीचा, कुजल्यासारखा असतो. आणि सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली, म्हणजे तळघरात, उतरतो. तुमच्या घरी सिलिंडर असेल आणि वास जाळीजवळ न येता जिन्याकडून किंवा खोलीभर सारखाच येत असेल, तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू-बंद करू नका, काडी ओढू नका, दारे उघडा, सगळ्यांनी बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ या मदत क्रमांकावर फोन करा. वास जाळीशी वाकल्यावरच तीव्र होत असेल, तरच पुढचे वाचा.

वासाला नेमके नाव देण्याची सवय इथे फार उपयोगी पडते, आणि आपल्या भाषेत त्यासाठी शब्दांची वाण नाही. कुबट वास असेल तर तो बहुधा भिंतीतल्या ओलीचा किंवा बुरशीचा असतो. तुमच्या नव्या विनाइलखाली ओल अडकली असती तर असा वास आला असता. आंबूस वास हा जाळीच्या आतल्या बुळबुळीत थराचा. कुजकट आणि दोन-चार दिवसांत वाढत जाणारा वास आला तर मेलेला उंदीर किंवा पाल शोधावी. सडक्या अंड्यांचा वास मात्र हायड्रोजन सल्फाइडचा. साचलेल्या, हवा न मिळणाऱ्या सांडपाण्यात जिवाणू तो वायू तयार करतात. दहा लाख भागांत एक भागाहून कितीतरी कमी प्रमाणातही आपल्या नाकाला तो कळतो. तुम्ही लिहिता की दहा मिनिटांनी तुम्हाला वास जाणवेनासा होतो आणि बाहेरून येणारी मुले मात्र नाक धरतात. यात मुलांची अतिशयोक्ती नाही. नाक सरावते, एवढेच. म्हणून वास गेला की नाही याचा निवाडा स्वतः करू नका, बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला करू द्या.

आता बादलीकडे येते. सकाळी जाळी उचला आणि बॅटरीचा झोत सरळ खाली सोडा. आत पाणी असेल तर उजेड हलत परत चमकतो. नसेल तर सुकलेल्या गाळाचा राखाडी, भेगाळलेला तळ दिसतो. त्याच वेळी आतली वाटी जागेवर आहे का तेही पाहा. जुन्या प्रकारच्या ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उलटी वाटी असते आणि तिची कड पाण्यात बुडलेली राहते. पाणी लवकर जात नाही म्हणून ही वाटी कोणीतरी काढून ठेवते आणि मग ती कायमची हरवते. अशा जाळ्या मी कितीतरी घरांत पाहिल्या आहेत. वाटीच नसेल तर कितीही पाणी ओतले तरी झाकण तयार होणार नाही. त्या मापाची वाटी सॅनिटरीच्या दुकानात मिळते. नाही मिळाली तर संपूर्ण ट्रॅप बदलावा लागेल.

तळ कोरडा असेल तर बाटल्या धुण्याचा लांब ब्रश, धुण्याचा सोडा आणि कोमट पाणी घेऊन आतला थर घासून काढा. उकळते पाणी ओतू नका, कारण पीव्हीसीचे नळ आणि त्यांचे सांधे उकळत्या पाण्यासाठी केलेले नसतात. मग बादलीभर साधे पाणी सावकाश ओता. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बॅटरी मारून पाण्याची पातळी पाहा. पाण्यात कपड्यांची थोडी नीळ घातली तर पातळी चटकन दिसते. रात्री जाळीवर जाड प्लास्टिकचा कागद ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करा. सकाळी कागद लावलेला असताना खोलीत वास नसेल, पण कागद काढताच आला, तर वास जाळीतूनच येतो हे निश्चित. कागद असूनही खोलीत वास भरला असेल, तर तो दुसरीकडून येतो आहे आणि मग जाळीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पाणी दुसऱ्या दिवशीही जागेवर असेल आणि वास गेला असेल, तर रोगही कळला आणि औषधही. पुढे दर पंधरा दिवसांनी अर्धी बादली पाणी ओतत राहा. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला ओता. वर्गाला सुट्टी देऊन गावाला जाणार असाल, तर पाणी ओतल्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन दोन-तीन चमचे वरून सोडा. त्याचा पातळ थर पाण्यावर तरंगतो आणि पाणी उडून जाणे मंदावते. खाद्यतेल वापरू नका. ते खवट होते आणि एका वासाच्या जागी दुसरा येतो. बाजारात सिलिकॉनची झडप असलेल्या जाळ्याही मिळतात. पाणी खाली जाऊ द्यायचे आणि हवा वर येऊ द्यायची नाही, हे त्यांचे काम. त्या चांगल्या आहेत, परंतु झडपेत केस किंवा खडा अडकला की ती उघडी राहते. म्हणून पाण्याच्या जोडीला वापरा, पाण्याऐवजी नाही.

पाणी दर वेळी खाली उतरत असेल, तर ट्रॅपला तडा गेला आहे किंवा त्यातले पाणी हवेच्या दाबाने खेचले वा ढकलले जात आहे. तडा असेल तर मोरीची तेवढी दोन फुटांची जागा उघडून ट्रॅप बदलता येतो. सगळी जमीन फोडायला सांगणाऱ्या प्लंबरला आधी एवढेच विचारा, ‘लाइन कुठे फुटली आहे, हे तुम्ही कसे ठरवले?’ पाणी ओतून, झाकून, पाहून ठरवले असेल तर त्याचे ऐका. नुसता वास घेऊन ठरवले असेल तर दुसरा माणूस पाहा.

पाणी असे ढकलले जाण्याची शंका मला तुमच्या एका वाक्यावरून येते. पायऱ्यांखाली लोखंडी झाकणाचा खड्डा आहे, त्यात तळघराची मोरी आणि वॉशिंग मशीन या दोन्हींचे पाणी जाते आणि तिथून मोटर ते वर ड्रेनेजच्या चेंबरमध्ये चढवते, असे तुम्ही लिहिले आहे. तळघर रस्त्यावरच्या लाइनपेक्षा खाली असले की असा संप, म्हणजे सांडपाणी गोळा करून वर उपसायचा खड्डा, लागतोच. मशीन एका दमात पाणी सोडते, ते खड्ड्यात कोसळते आणि खड्ड्यातली हवा जागा शोधत मागे जाळीतून वर येते. धुण्याच्या दिवशी वास वाढण्याचा खुलासा हाच असावा. मशीनचे पाणी सुटत असताना जाळीशेजारी बसून ऐका. आतून बुडबुड, गुळगुळ असा आवाज आला, किंवा पाण्याची पातळी नाचली, तर त्या खड्ड्याला हवेचा स्वतंत्र नळ नाही, किंवा असलेला बुजला आहे. हा नळ गच्चीच्या वर नेऊन त्याच्या तोंडाला जाळीची टोपी बसवून घ्या. हे एक काम मात्र खर्चाचे असले तरी टाळू नका. झाकणाच्या कडेला रबराची पट्टीही नवी घालून घ्या.

आणि ताई, या खड्ड्याबद्दल मला तुम्हाला अगदी कळकळीने सांगायचे आहे. ते झाकण कित्येक वर्षांत उघडलेले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ते उघडायला कोणी आले आणि ‘खाली उतरून साफ करतो’ म्हणाले, तर उतरू देऊ नका. पैसे थोडे घेतो म्हणाला तरी नको, पाचच मिनिटे म्हणाला तरी नको. अंड्यासारखा वास देणारा हाच वायू बंद खड्ड्यात साचून फार वाढला की नाकाची संवेदनाच बधिर करतो. माणसाला वाटते वास गेला, आणि तो तिथेच कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे हा गुन्हा आहे, आणि गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले आहे. तुमचा खड्डा मोरीच्या आणि धुण्याच्या पाण्याचा आहे म्हणून तो निरुपद्रवी आहे, असे मुळीच समजू नका. पाणी आणि गाळ बाहेरून यंत्राने उपसणारी गाडी बोलवा.

ॲसिडचे पाहू. फिनेलने दोन दिवस बरे वाटते, कारण एक उग्र वास दुसऱ्याला झाकतो आणि बरोबर ओतलेले तांब्याभर पाणी ट्रॅप थोडा ओला करते. बरे वाटत होते ते त्या पाण्यामुळे! ॲसिड तर अजिबात नको. घरात कोणी त्याच जाळीत ब्लीचिंग पावडर किंवा पांढऱ्या कपड्यांचे ब्लीच टाकले, तर दोन्ही मिळून क्लोरिन तयार होतो, आणि तोही हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात जमिनीलगत साचतो. तुमची मुले सतरंजीवर मांडी घालून, नेमकी त्याच उंचीवर बसून दीर्घ श्वास घेत सा लावतात. उरलेली ॲसिडची बाटली तळघरातून आजच बाहेर काढा.

यजमानांचा सिमेंटचा उपाय मला समजतो; एकदाचा विषय मिटावा असे कोणालाही वाटेल. पण सासऱ्यांनी तळघरात मोरी ठेवली ती विचार करूनच. पावसाळ्यात भिंतीतून पाणी झिरपले, वरचा एखादा नळ फुटला, तर त्या पाण्याला जायला तीच एक वाट आहे. ती बुजवली तर पाणी विनाइलखाली शिरेल आणि तुमच्या पेट्या-तानपुरे त्यात उभे असतील. फार तर रबराचे घट्ट बसणारे आणि गरज पडताच काढता येणारे बूच लावा. पण जाळी जिवंत ठेवा. त्याबरोबर संपची मोटर मृग लागण्याआधी एकदा खरोखर चालवून पाहा आणि चेंबरकडे जाणाऱ्या नळावर उलट न फिरू देणारा व्हॉल्व्ह आहे का ते तपासून घ्या. रस्त्यावरची लाइन तुंबली की तो नसलेल्या घरात ड्रेनेजचे पाणी मागे फिरून तळघरात येते.

जी मुलगी वर्ग सोडून गेली तिच्या पालकांना वास गेल्यावर स्वतः फोन करा. काय बिघडले होते आणि काय केले ते सरळ सांगा. अत्तर किंवा उदबत्तीने झाकून मुलांना पुन्हा बोलावू नका.

राहिल्या मावशी. पाणी ओतायच्या दिवशी जाळी उचलताना त्यांना शेजारी बसवा आणि बॅटरीच्या उजेडात तो सुकलेला तळ आधी त्यांना दाखवा. दिवाळीपासून त्यांनी तुमच्याच सांगण्यावरून पाणी बंद केले होते, हे तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या, आणि दोनदा बोललेले शब्द मागे घ्या. बादली मात्र त्यांच्या कामात वाढवू नका. दिनदर्शिकेवर एकाआड एक शनिवारी खूण करा आणि वर्ग सुटल्यावर ती अर्धी बादली तुम्ही स्वतः ओता.